दुसऱ्या भाषेचा रकाना

इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा मॅट्रिकला हवीच, हा मुंबई विद्यापीठाचा पहिल्यापासूनचा दंडक. शाळेत तिला ‘सेकंड लँग्वेज’ म्हणत. हायस्कुलात जाणाऱ्या मुलापुढे बहुधा दोन नावे असत, संस्कृत आणि फारसी. कोणत्या मुलाने काय घेतले हे गुणांच्या याद्यांतून कळते. ते त्याने का घेतले, मुळात त्याने घेतले की त्याच्या पदरात टाकले गेले, हे त्या याद्या सांगत नाहीत. परीक्षेच्या कागदांत निवडीचा शेवट तेवढा नोंदला जातो. त्यामागची हकिकत शोधायची तर शाळेचे रजिस्टर, उत्तरायुष्यातल्या आठवणी, चरित्रे आणि सरकारी निवेदने एकमेकांशेजारी मांडून पाहावी लागतात.

इथे दोन मुलांचे कागद असे मांडून पाहू. एक राजकोटचा, दुसरा साताऱ्याचा. दोघांच्या मॅट्रिकमध्ये २० वर्षांचे अंतर आहे, पण विद्यापीठ एकच, परीक्षा एकच आणि समोरचा पर्यायही एकच. दोघेही पुढे इतके मोठे झाले की त्यांच्या शालेय जीवनाचे कपटे लोकांनी जपले. त्यामुळे एरवी हजारो मुलांच्या बाबतीत पुसली गेलेली गोष्ट या दोघांच्या बाबतीत निदान अर्धीमुर्धी वाचता येते.

आधी नियमाची चौकट पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. तिला १३२ उमेदवार बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या २२ पैकी. सुरुवातीच्या व्यवस्थेत प्राचीन भाषांबरोबर देशी भाषांनाही जागा होती. १८६० च्या दशकात वारे फिरले. पदवी परीक्षांतून मराठी-गुजरातीसारख्या भाषा बाहेर गेल्या आणि तिथे अभिजात भाषांचे राज्य सुरू झाले. मराठी पुन्हा विद्यापीठात यावी म्हणून रानड्यांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांपर्यंत झगडावे लागले. मराठी वाङ्मयाच्या वाढीसंबंधीचे त्यांचे १८९८ चे टिपण याच काळातले आहे.

या बदलाचा हायस्कुलातल्या मुलावर होणारा परिणाम उघड होता. मॅट्रिक हे कॉलेजचे दार. त्या दाराच्या आत अभिजात भाषा सक्तीची असेल, तर शाळेतच ती धरलेली बरी. म्हणजे कागदावर मॅट्रिकपुरता असलेला पर्याय प्रत्यक्षात पुढच्या चार-पाच वर्षांचा पर्याय होता. ज्याच्या घरी मुलाला बी. ए. करायचे मनात होते, तिथे संस्कृत किंवा फारसी हा प्रश्न मॅट्रिकच्या कितीतरी आधी सुटलेला असे.

किती आधी? इंग्रजी शाळेची रचना सात इयत्तांची होती, पहिली ते सातवी, आणि सातवीच्या शेवटी मॅट्रिक. दुसरी भाषा चौथीत सुरू होई. याला एक चांगला साक्षीदार आहे. आपल्याला संस्कृत चौथीपासून होते, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. परीक्षेला तीन-साडेतीन वर्षे बाकी असताना, बारा-तेरा वर्षांच्या वयात, मुलाची वाट ठरत असे. म्हणून शोध घ्यायचा तो मॅट्रिकच्या वर्षाचा नाही, इंग्रजी चौथीच्या वर्षाचा.

संस्कृतकडे ओढणाऱ्या गोष्टी पुराव्यांत सहज सापडतात. भांडारकरांनी १८६० च्या दशकात शाळकरी मुलांसाठी इंग्रजीतून संस्कृत व्याकरण शिकवणारी पुस्तके लिहिली. त्यांतले पहिले ‘मार्गोपदेशिका’ या नावाने कित्येक पिढ्यांना ठाऊक होते. या पुस्तकांमुळे पाठशाळेत न बसलेल्या मुलालाही धड्याधड्याने संस्कृत गाठता येऊ लागले. दुसरी ओढ मानाची आणि पैशाची. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती मॅट्रिकला संस्कृतात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यास मिळे. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आलेले चिंतामणराव देशमुख याच शिष्यवृत्तीचे मानकरी. फारसीकडे पारशी आणि मुसलमान मुलांचा स्वाभाविक कल होता. फारसी सोपी जाते आणि गुण सढळ मिळतात, असा तिचा लौकिकही होता. हा लौकिक केवळ ऐकीव नाही, त्याचा पुरावा राजकोटात मिळतो.

मोहनदास गांधी १८८० च्या अखेरीस राजकोटच्या हायस्कुलात दाखल झाला आणि नोव्हेंबर १८८७ मध्ये मॅट्रिकला बसला. मधली वर्षे सात. लग्नापायी एक वर्ष गेले, पुढे तिसरीत सहाच महिने काढून तो चौथीत चढला, हे त्यांनीच सांगितले आहे, म्हणजे हिशेब जुळतो. सहावी साधारण १८८६ मध्ये येते. त्या सहावीची हकिकत आत्मकथेत अशी आहे. संस्कृतचे शिक्षक कडक होते, पाठांतर फार होते, आणि मोहनदासचा धीर सुटला. संस्कृत आणि फारसीच्या शिक्षकांत चुरस होती. फारसीचे शिक्षक मवाळ, फारसी सोपी, असे मुले आपसांत बोलत. तेव्हा एके दिवशी मोहनदास फारसीच्या वर्गात जाऊन बसला. संस्कृतचे शिक्षक कृष्णशंकर पंड्या यांना ते लागले. त्यांनी त्याला बोलावले, तू वैष्णव घरातला मुलगा ना, असे विचारले, अडचण असेल तर माझ्याकडे ये म्हणाले. मुलगा शरमला आणि परत संस्कृतच्या वर्गात गेला. या शिक्षकांचे उपकार गांधीजींनी पुढे मोकळेपणाने मानले आहेत. तेवढे संस्कृत झाले नसते तर धर्मग्रंथांत गोडी वाटली नसती, असे ते म्हणतात.

या साक्षीची किंमत किती? आत्मकथा ‘नवजीवन’मध्ये १९२५ च्या अखेरीस येऊ लागली. घटनेपासून सुमारे ४० वर्षांनी केलेली ही आठवण आहे. शिक्षकांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे धरू नयेत. पण प्रसंगाच्या बैठकीला धक्का लावण्याचे कारण दिसत नाही. स्वतःला कमीपणा आणणारी गोष्ट माणूस सहसा रचून सांगत नाही, आणि वर्गाच्या व्यवहाराचे बारकावे इतके अचूक आहेत की ते ऐकीव वाटत नाहीत. त्यातून तीन गोष्टी हाती लागतात. एक, मुलगा भर सहावीतसुद्धा वर्ग बदलून पाहू शकत होता. दोन, भाषांचे शिक्षक मुलांसाठी एकमेकांशी स्पर्धा करत. तीन, मुलाने कुठे बसावे याचा निर्णय शिक्षकाच्या एका बोलावण्याने फिरू शकत होता, आणि त्या बोलावण्यात घराण्याचा आणि धर्माचा उल्लेख चालत होता.

इथवर गोष्ट सरळ आहे. आता मॅट्रिकचे गुण पाहू. राजकोटच्या शाळेचे जुने दप्तर चाळून जे. एम. उपाध्याय यांनी गांधीजींच्या विद्यार्थिदशेवर पुस्तक सिद्ध केले. ते १९६५ मध्ये केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने छापले. नोव्हेंबर १८८७ चे गुण असे: इंग्रजी २०० पैकी ८९, गणित १७५ पैकी ५९, सामान्य ज्ञान १५० पैकी ५४ आणि भाषा १०० पैकी साडेपंचेचाळीस. बेरीज ६२५ पैकी २४७.५, म्हणजे शेकडा ४० ला थोडे कमी. बेरीज तंतोतंत जुळते, तेव्हा नकलेत गफलत झाली असण्याचा संभव कमी. आता भाषेच्या रकान्यात कोणती भाषा आहे ते पाहा. ती गुजराती आहे.

संस्कृतच्या वर्गात परत गेलेला मुलगा परीक्षेला गुजराती घेऊन बसला! आत्मकथेत मॅट्रिकचे प्रकरण येते तेव्हा गांधीजी अहमदाबाद केंद्राबद्दल लिहितात. काठियावाडातली मुले गरिबीमुळे मुंबईऐवजी जवळचे आणि स्वस्तातले केंद्र पसंत करत, असे सांगतात. भाषा कोणती घेतली हे सांगत नाहीत. दोन कागद परस्परांना खोटे पाडत नाहीत, कारण वर्गात शिकणे आणि परीक्षेला बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण मधली पायरी हरवली आहे.

निश्चित एवढेच म्हणता येते की १८८७ मध्ये मॅट्रिकला देशी भाषा घेऊन बसता येत होते. पदवीला नसलेली मुभा प्रवेशपरीक्षेला शिल्लक होती. यापुढचा भाग तर्काचा. सहावीत संस्कृतने दमवलेल्या, एकूण ४० टक्क्यांच्या आसपास घुटमळणाऱ्या मुलाने परीक्षेच्या तोंडावर मायबोलीचा सुरक्षित रस्ता धरला असावा. शाळेनेही त्याला तसा सल्ला दिला असेल, कारण निकालाचा टक्का शाळेलाही हवा असतो. यातले काहीही कागदावर नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. राजकोटच्या या मुलापुढे तीन वाटा वेगवेगळ्या वेळी खुल्या होत्या. तो एकीवरून दुसरीवर गेला, परत आला आणि शेवटी तिसरीने पार झाला.

लंडनचा दाखलाही याच्याशेजारी ठेवावा. तिथे गांधीजी लंडन विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसले. लॅटिन सक्तीचे होते, आधुनिक भाषा म्हणून त्यांनी फ्रेंच घेतली. जानेवारी १८९० मध्ये लॅटिनने दगा दिला. दुसऱ्या खेपेला त्यांनी रसायनशास्त्र सोडून उष्णता आणि प्रकाश हा विषय घेतला, कारण तो सोपा आहे असे ऐकले होते, आणि जूनमध्ये ते उत्तीर्ण झाले. तिथे ते खासगी मॅट्रिक वर्गात जाऊन अभ्यास करणारे उमेदवार होते, शाळा नव्हती. विषय बदलला तर परत बोलावणारा शाळेचा शिक्षक नव्हता. नियम आणि उमेदवार यांच्यामध्ये शाळा नसेल, तर पर्याय हा खरोखर पर्याय राहतो, हे या छोट्या नोंदीतून दिसते.

आता साताऱ्याकडे वळू. तिथल्या सरकारी हायस्कुलाच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलाच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला एक नोंद आहे. क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर, इयत्ता इंग्रजी पहिली. हा या प्रकरणातला सर्वांत भक्कम कागद. तो घटनेच्या दिवशी, घटनेशी देणेघेणे नसलेल्या कारकुनाच्या हाताने लिहिला गेला. पुढे हा मुलगा कोण होणार याची लिहिणाऱ्याला कल्पना नव्हती. ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, तो याच नोंदीवरून.

या नोंदीला दुसरे टोक जोडू. भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले ते त्या वेळच्या सत्कारात. म्हणजे १९०० च्या अखेरीस पहिलीत प्रवेश आणि १९०७ ची मॅट्रिक, इथेही वर्षे सातच. राजकोटच्या मुलाचा हिशेब बरोबर २० वर्षे पुढे सरकवला की साताऱ्याच्या मुलाचा होतो. एकही वर्ष वाया गेलेले नाही. पहिली १९०१, दुसरी १९०२, तिसरी १९०३ आणि चौथी १९०४. दुसरी भाषा ठरण्याचे वर्ष हे.

मॅट्रिकला त्यांची दुसरी भाषा फारसी होती, यात वाद नाही. कॉलेजातही ती त्यांच्यासोबत गेली. प्रश्न असा की फारसीच का? लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या, कबीरपंथी, मुलांकडून पाठांतर करून घेणाऱ्या बापाच्या घरात फारसीची परंपरा नव्हती. गुणांच्या सोयीसाठी घेतली म्हणावे, तर त्याला बाबासाहेबांची स्वतःचीच साक्ष आडवी येते.

ही साक्ष ‘नवयुग’मध्ये छापली गेली. आचार्य अत्रे यांच्या या साप्ताहिकाने १३ एप्रिल १९४७ रोजी आंबेडकर विशेषांक काढला, त्यात बाबासाहेबांच्या आठवणी आहेत. आपल्या मुलांनी संस्कृत शिकावे ही वडिलांची तीव्र इच्छा होती. पण अस्पृश्यांना मी संस्कृत शिकवणार नाही, असा हट्ट संस्कृतच्या शिक्षकांनी धरला. थोरल्या भावाला निरुपायाने फारसी घ्यावी लागली, आणि मग धाकट्यालाही. असा त्या आठवणीचा आशय आहे. त्यात कडवटपणा आहे तो संस्कृत हुकल्याचा. संस्कृत वाङ्मयाच्या वैभवाबद्दल ते अभिमानाने बोलतात आणि त्याच्यापुढे फारसी उणी वाटते असे सांगतात. फारसी ही मनाजोगती निवड नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

हीसुद्धा चार दशकांनंतरची आठवण. गांधीजींच्या आठवणीला जी सावधगिरी लावली तीच इथे लावली पाहिजे. शिक्षकाचे नेमके शब्द कोणते होते हे सांगता येणार नाही. पण गाभ्याला दोन आधार आहेत. पहिला आधार परिणामाचा. फारसी घेतली गेली हे स्वतंत्रपणे सिद्ध आहे, आणि त्या घराला ती घेण्याचे दुसरे कारण दिसत नाही. दुसरा आधार राजकोटचा. वैष्णव मुलाला धर्माची आठवण देऊन संस्कृतच्या वर्गात परत आणणारा शिक्षक असू शकतो, तर महार मुलाला धर्माच्याच नावाने बाहेर ठेवणारा शिक्षक असणे त्या व्यवस्थेशी विसंगत नाही. एकाच अधिकाराची ही दोन रूपे आहेत. जाऊ पाहणाऱ्याला एकाने परत बोलावले, येऊ पाहणाऱ्याला दुसऱ्याने उभे केले नाही. विद्यापीठाच्या नियमात या अधिकाराचे नावही नव्हते.

खरी अडचण पुढे आहे. हे घडले कुठे? धनंजय कीर यांच्या १९५४ च्या इंग्रजी चरित्रात संस्कृत नाकारल्याची हकिकत मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलाच्या ओघात येते. दुसरीकडे काही मराठी चरित्रांत असा क्रम आढळतो की भीमरावांनी इंग्रजी चौथी साताऱ्यातच नोव्हेंबर १९०४ मध्ये पुरी केली आणि त्यानंतर कुटुंब मुंबईला आले. रजिस्टरावरून केलेल्या आपल्या हिशेबाशी हा दुसरा क्रम चपखल बसतो. दुसरी भाषा चौथीत सुरू होत असेल आणि चौथी साताऱ्यात झाली असेल, तर फारसीचा निर्णयही साताऱ्यातच झाला असला पाहिजे.

पण या तर्काला एक भोक आहे. साताऱ्यात चौथीला फारसी शिकवायला शिक्षक होता काय? नसला, तर संस्कृत नाकारले गेलेल्या मुलाला तिथे दुसरी भाषाच उरत नाही, आणि मुंबईला आल्यावर फारसी सुरू झाली असे मानावे लागते. म्हणजे पुन्हा कीरांच्या बाजूने पारडे झुकते.

दोन्ही वृत्तांत एकमेकांशी जुळवण्याचा एक मार्ग आहे. मी तो शक्यता म्हणून मांडतो, निष्कर्ष म्हणून नाही. आठवणीत नकार दोन भावांच्या वाट्याला येतो. थोरले आनंदराव भीमरावांच्या पुढच्या वर्गात असतील, तर त्यांची चौथी १९०४ च्या आधी, म्हणजे निःसंशय साताऱ्यात झाली. त्यांचा नकार साताऱ्याचा. धाकट्याचा प्रश्न त्यानंतर आला, तो साताऱ्यात किंवा मुंबईत. चरित्रकारांनी दोन प्रसंगांचा एक केला आणि मुंबईच्या प्रकरणात ठेवला, असे झाले असणे शक्य आहे. हे खरे मानले, तर धाकट्याची भाषा थोरल्याच्या अनुभवाने आधीच ठरून गेली होती. वर्गाच्या उंबऱ्यावर जाऊन पुन्हा नकार ऐकण्याची गरजही उरली नसेल. अर्थात ही साखळी ‘असतील तर’ या एका दुव्यावर उभी आहे, याचा विसर पडू देऊ नये.

कोणी म्हणेल, सरकारी शाळेत असे कसे चालले? प्रवेशाचा प्रश्न तर फार पूर्वी निकालात निघाला होता. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश नाकारलेल्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. त्याला प्रवेश मिळाला नाही, पण प्रकरण विलायतेपर्यंत गेले आणि १८५८ मध्ये कोर्ट ऑफ डायरेक्टर्सने सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व मांडले. हा सगळा इतिहास बाबासाहेबांनी १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे ठेवलेल्या निवेदनात दिला आहे. साताऱ्याच्या रजिस्टरातली १९०० ची नोंद म्हणजे या तत्त्वाचे उशिरा आलेले फळ. मुलगा शाळेत आला. मात्र तत्त्व होते ते शाळेच्या प्रवेशाबद्दल. चौथीच्या मुलांचे संस्कृत आणि फारसी असे दोन गट पडताना कोण कुठे बसेल, हे वेळापत्रकाच्या वेळी, शाळेच्या आत ठरे. फारसीचा पर्याय उपलब्ध असल्यामुळे या नकाराला नकाराचे रूपही येत नव्हते. मुलगा शाळेत आहे, दुसरी भाषा शिकतो आहे, परीक्षेला बसतो आहे. तपासायला आलेल्या डेप्युटी इन्स्पेक्टरला यात वावगे काय दिसणार?

फारसी पुढे किती टिकली? १९१२ च्या बी. ए. परीक्षेबद्दल दोन परस्परविरोधी विधाने प्रचारात आहेत. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आंबेडकर वाङ्मयाबरोबरच्या जीवनपटात त्यांचे विषय इंग्रजी आणि फारसी असे दिले आहेत. अनेक लोकप्रिय परिचयांत मात्र अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र असे येते. माझा कल पहिल्याकडे आहे. शालेय फारसीशी त्याचा सलग धागा जुळतो. दुसरे विधान बहुधा कोलंबिया विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या अभ्यासाची सावली मागे पाडून तयार झाले असावे. मोठ्या माणसाच्या चरित्रात उत्तरायुष्य पूर्वायुष्याला आपल्यासारखे करून घेते. म्हणूनच मूळ नोंदीला महत्त्व. इंग्रजी आणि फारसी हे बरोबर असेल, तर चौथीत अंगावर आलेली भाषा पदवीपर्यंत आठ वर्षे त्यांच्यासोबत चालली. फारसीही अभिजात भाषांत मोजली जात असल्याने कॉलेजचा रस्ता मोकळा राहिला, हेही नमूद केले पाहिजे.

संस्कृत हुकल्याचा परिणाम कुठे दिसतो, याला एक समकालीन आणि छापील पुरावा आहे. ‘हू वेअर द शूद्राज?’ हे पुस्तक १९४६ मध्ये निघाले. वेद, ब्राह्मणे आणि स्मृती यांच्या आधाराने शूद्रांच्या उत्पत्तीचा शोध घेणाऱ्या या ग्रंथाच्या प्रस्तावनेत संभाव्य आक्षेपाला बाबासाहेब आधीच उत्तर देतात. संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही ही उणीव ते मान्य करतात. पण इंग्रजीत न आलेले संस्कृत वाङ्मय फार थोडे आहे आणि आपण १५ वर्षे ते वाचतो आहोत, तेवढी पात्रता पुरेशी मानावी, असे ते लिहितात. ही उणीव कशी आली ते प्रस्तावनेत सांगितलेले नाही. ते सहाच महिन्यांनी ‘नवयुग’मध्ये आले. दोन मजकूर शेजारी ठेवले की पहिल्यातली कबुली आणि दुसऱ्यातली हकिकत एकमेकांना पुरी करतात. ज्या भाषेतले ग्रंथ त्यांनी आयुष्यभर तपासले, तिच्या वर्गातून त्यांना बाराव्या-तेराव्या वर्षी वळवले गेले होते.

आता हाती काय उरले त्याची वाटणी करू. पक्के असे की दुसरी भाषा चौथीत ठरे, साताऱ्याचा प्रवेश १९०० चा, मॅट्रिक १९०७ ची आणि भाषा फारसी. पुरेसे विश्वसनीय असे की संस्कृत मागितले गेले आणि जातीमुळे मिळाले नाही. अनिर्णित असे की शाळा कोणती, शिक्षक कोण, आणि धाकट्या भावाला नकार प्रत्यक्ष मिळाला की थोरल्याच्या अनुभवातून. राजकोटच्या बाजूला पक्के असे की परीक्षेची भाषा गुजराती. संस्कृत सोडण्याचा क्षण मात्र अज्ञात.

यातून एक सावधगिरीचा धडा निघतो, तो परीक्षेच्या आकड्यांवर काम करणाऱ्यांसाठी आहे. अमुक वर्षी अमुक इतक्या मुलांनी फारसी ‘घेतली’ असे आपण निकालांवरून लिहितो. त्या संख्येत १९०७ च्या वर्षी आंबेडकर नावाचा एक उमेदवार मोजला जातो, आणि १८८७ च्या गुजरातीच्या संख्येत गांधी नावाचा. दोघेही आकड्यांत आवड म्हणून उभे राहतात. संस्कृत मागून न मिळालेल्यांचा आकडा कोणी ठेवला नाही, कारण तो ठेवण्याची जागा कोणत्याही तक्त्यात नव्हती. तो शोधायचा तर निकालांच्या याद्यांपाशी थांबून चालणार नाही. जुन्या हायस्कुलांतली चौथीची हजेरीपत्रके, भाषावार गटांच्या याद्या आणि फारसीच्या शिक्षकांच्या नेमणुकांचे कागद पाहावे लागतील. साताऱ्याच्या हायस्कुलात १९०४ साली फारसीचा शिक्षक पगारपत्रकावर होता की नव्हता, एवढे एक जरी कळले, तरी या प्रकरणातला निम्मा अंधार दूर होईल.